गाळलेला हात

इंग्रजीतल्या सख्ख्या-चुलत शब्दांमध्ये नेमका फरक काय, हा विषय निघाला की आपल्याकडे दोन पंथ उभे राहतात. पहिला शिकवणी-पंथ. त्याच्या लेखी हा फरक म्हणजे परीक्षेतला दोन गुणांचा प्रश्न. ‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’, ‘इकॉनॉमिक’ आणि ‘इकॉनॉमिकल’. योग्य शब्द निवडा, रिकाम्या जागा भरा. दुसरा स्वाभिमान-पंथ. तो म्हणतो, परक्या भाषेच्या असल्या काथ्याकुटाशी आपल्याला काय करायचे आहे? भाव पोचला की झाले. त्यातून फारच अडले तर एखादा संस्कृत शब्द जोडून घ्यावा आणि त्यात चारही इंग्रजी शब्द कोंबून मोकळे व्हावे.

माझे म्हणणे असे, की हे दोन्ही पंथ चुकतात आणि त्यांच्या चुकीची किंमत तिसराच कोणी मोजतो. तो तिसरा बहुधा इंग्रजी बोलतही नाही. जयपूरपासून तीसेक किलोमीटरवर, अजमेरच्या रस्त्याला बगरू नावाचे गाव आहे. तिथल्या छीपा मोहल्ल्यात लांब टेबलाशी उभा राहून तो कापडावर लाकडी ठसा ठेवतो, मुठीने त्याच्यावर ठोका देतो, उचलतो, पुढे सरकतो. त्याच्या मालावर लागणारी चिठ्ठी मात्र इंग्रजीत असते, आणि त्या चिठ्ठीवर एक शब्द गाळला किंवा बदलला की त्याच्या दिवसभराच्या कामाचा भाव बदलतो. शब्दांच्या छटा ही चैन नव्हे, हे मला बगरूच्या कापडाने शिकवले.

मागच्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका प्रदर्शनात शेजारी-शेजारी टांगलेल्या चार कुर्त्यांच्या चिठ्ठ्या मी वहीत उतरवून घेतल्या. पहिलीवर होते ‘ब्लॉक प्रिंट कॉटन’. दुसरीवर ‘हँडप्रिंटेड’. तिसरीवर ‘हँडमेड, बगरू इन्स्पायर्ड’. चौथीवर ‘हँड ब्लॉक प्रिंटेड इन बगरू’. चौथा कुर्ता सगळ्यात महाग होता. विकणाऱ्या मुलीला मी विचारले, ह्यांत फरक काय? ती म्हणाली, “ताई, सगळं ब्लॉक प्रिंटच आहे. हा जरा महाग लावलाय, एवढंच.” ती खोटे बोलत नव्हती. तिला जे शब्द दिले गेले होते, त्यांतून तिला तेवढेच दिसत होते. आणि तिच्या उत्तरानंतर कोणतेही शहाणे गिऱ्हाईक जे करील तेच शेजारच्या बाईंनी केले: त्यांनी पहिला कुर्ता घेतला.

आता हे शब्द एकेक करून पाहू. पण त्याआधी, ज्या कामाबद्दल ते बोलतात ते काम काय असते, हे सांगायला हवे. नाहीतर पुढचा सगळा हिशेब हवेत राहील.

बगरूत कोरे सुती कापड आधी भिजवून, धुऊन त्यातली खळ काढतात. मग ते हिरड्याच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवतात. त्याने कापड फिकट पिवळसर होते आणि हिरड्यातले टॅनिन पुढचा रंग धरून ठेवायला तयार होते. बगरूच्या कापडाची जमीन शुभ्र नसते, सायीसारखी असते, ती ह्यामुळे. शेजारच्या सांगानेरची ओळख उलट पांढऱ्या जमिनीवरच्या नाजूक बुट्टीची. नंतर येतात शिशमाच्या लाकडात कोरलेले ठसे. बाहेरच्या रेषेचा ‘रेख’, पार्श्वभूमीचा ‘गद’, आत भरायचा ‘दत्ता’. रंग जितके, तितके ठसे, आणि प्रत्येक ठसा आधीच्या ठशावर अचूक बसवायचा तो केवळ नजरेने आणि हाताच्या सवयीने. काळ्यासाठी जुने लोखंड गुळाच्या पाण्यात बरेच दिवस आंबवून केलेली ‘स्याही’. तांबड्यासाठी तुरटीचे ‘बेगर’. छापताना दिसावे म्हणून त्यात गेरू मिसळतात, पण खरा तांबडा रंग तेव्हा कापडावर नसतोच. कापड धायटीच्या फुलांसोबत अलिझरीनमध्ये उकळले की जिथे तुरटी लागली होती तिथे तो उमलतो. निळे हवे असेल तर माती, चुना, डिंक आणि किडक्या गव्हाचे पीठ ह्यांचा ‘दाबू’ छापायचा, ओला असतानाच त्याच्यावर लाकडाचा भुसा भुरभुरायचा, वाळवायचे आणि मग कापड निळीच्या हौदात सोडायचे. जिथे चिखल, तिथे नीळ शिरत नाही. शेवटी सगळे धुऊन काढायचे. प्रत्येक पायरीला ऊन लागते, पाणी लागते आणि थांबावे लागते.

आता पहिली चिठ्ठी. ‘ब्लॉक प्रिंट’ हे इंग्रजीत नाम आहे. कधीकाळी त्याचा अर्थ ठशाने उठवलेला छाप एवढाच होता. आज बाजारात त्याचा अर्थ ठशाने उठवल्यासारखी दिसणारी नक्षी असा झाला आहे. ती नक्षी जाळीच्या चौकटीतून म्हणजे स्क्रीनने छापलेली असेल, गिरणीतल्या फिरत्या रुळाने छापलेली असेल किंवा संगणकाने थेट कापडावर उतरवलेली असेल. आता तर दोन ठशांच्या सांध्यावर रंग किंचित दुहेरी पडतो तोसुद्धा यंत्राच्या नक्षीत मुद्दाम घालतात. हाताची चूकही छापून मिळते. चिठ्ठीवर ‘ब्लॉक प्रिंट’ लिहिणारा म्हणू शकतो, की मी कुठे म्हटले ठशाने छापले आहे? मी नक्षीचे नाव सांगितले.

दुसरी चिठ्ठी अधिक चलाख आहे, कारण ती खरी आहे. ‘हँडप्रिंटेड’. टेबलावर कापड ताणून दोन माणसे स्क्रीनची चौकट उचलून ठेवतात आणि तिच्यावरून रबराच्या पट्टीने रंग ओढतात, तेही हातानेच. त्या माणसांचीही कंबर दुखते. तेव्हा ‘हँडप्रिंटेड’ हा शब्द खोटा नाही. त्यातून फक्त ‘ब्लॉक’ गाळला आहे. पहिल्या चिठ्ठीने ‘हँड’ गाळला, दुसरीने ‘ब्लॉक’ गाळला, आणि वाचणाऱ्याच्या मनात दोन्ही आपोआप भरले गेले. गाळलेल्या जागा भरा, हा शिकवणी-पंथाचा लाडका प्रश्न बाजाराने असा गिऱ्हाइकाकडून सोडवून घेतला आहे.

तिसऱ्या चिठ्ठीवरच्या ‘हँडमेड’मध्ये तर काय हाताने केले तेच सांगितलेले नाही. कुर्ता हाताने शिवला असेल. शिलाई यंत्रावर कापड सरकवणारा हातही हातच. त्याच चिठ्ठीवरच्या ‘इन्स्पायर्ड’कडे मी पुढे येईन.

चौथ्या चिठ्ठीने मात्र कशाने, कसे आणि कुठे, ही तिन्ही उत्तरे दिली आहेत. इंग्रजीत ही उत्तरे पाच शब्दांत बसतात. म्हणजे भाषा लंगडी नाही. ती वापरणारे तिचा एकेक पाय काढून ठेवतात.

हाताच्या ह्या घोळात आणखी एक घोळ असतो, आणि त्यात मराठी सुशिक्षित घरे आघाडीवर आहेत. आपण खादी, हँडलूम आणि हँड ब्लॉक हे तीन शब्द एकाच श्वासात, एकाच पुण्यकर्माची तीन नावे असल्यासारखे उच्चारतो. कायद्यात त्यांचे अर्थ वेगळे आहेत. 1956च्या खादी आयोगाच्या कायद्यानुसार खादी म्हणजे हाताने कातलेल्या सुताचे, हातमागावर विणलेले कापड. तिथे कातणे आणि विणणे दोन्ही हाताचे. हँडलूममध्ये हात विणण्यापुरता. सूत गिरणीचे चालते. आणि हँड ब्लॉकमध्ये हात छापण्यापुरता. कापड बहुतेकदा गिरणीचेच असते. बगरूत छापले जाणारे पुष्कळसे कापड गिरणीतून येते आणि छीपा ते लपवत नाहीत. पण ‘हँडलूम ब्लॉक प्रिंट’ असे सैल बोलून आपण छापणाऱ्याच्या पदरात विणकराचे श्रेय टाकतो, विणकराचे श्रेय गिरणीला देतो आणि शेवटी ह्यांतल्या कोणालाच त्याच्या कामाचे पैसे मिळत नाहीत.

शब्दाच्या व्याख्येवर पोट कसे अवलंबून असते, ते विणकरांना ठाऊक आहे. हातमागासाठी काही वाण राखून ठेवणाऱ्या 1985च्या कायद्यात हातमागाची व्याख्या अगदी लहान आहे: यंत्रमाग सोडून इतर कोणताही माग. 2012-13च्या सुमारास ही व्याख्या सैल करण्याचा प्रस्ताव पुढे आला. विणण्याच्या निदान एका क्रियेत माणसाचा हात लागला, तरी त्या मागाला हातमाग म्हणावे, असा त्याचा रोख होता. विणकर आणि त्यांच्या बाजूची माणसे ह्याविरुद्ध उठली. त्यांना कोणी म्हणाले नाही, की शब्दांच्या छटांवर एवढे काय भांडता. एका उपवाक्याने यंत्रमागाचा माल हातमागाच्या नावाने विकला गेला असता, हे सगळ्यांना दिसत होते.

हाताचे झाले, आता रंगाचे. इथे आपली मराठी खरोखरच उघडी पडते, कारण आपल्याकडे ‘रंग’ हा एकच शब्द आहे. इंग्रजीत ‘डाय’ वेगळा, ‘पिगमेंट’ वेगळा. डाय धाग्याच्या आत शिरतो. पिगमेंट चिकटद्रव्याच्या आधाराने धाग्याच्या वर बसतो. बगरूचे पारंपरिक कापड उलटे करून पाहिले तर छाप मागेही उतरलेला दिसतो, हाताला कापड कापडासारखेच लागते. पिगमेंटने छापलेल्या कापडावर बोट फिरवले तर पुष्कळदा वर एक पातळ पापुद्रा जाणवतो. रंगाऱ्याला हा फरक आंधळेपणी कळतो. त्याच्या तोंडी त्याच्यासाठी शब्दही होते, पण ते आपण लिहिण्यात घेतले नाहीत. पुण्याचे भाऊसाहेब रंगारी गणेशोत्सवामुळे सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्या नावातल्या धंद्याची परिभाषा किती जणांना माहीत आहे?

आणि मग चिठ्ठीवरची ती सोज्ज्वळ विशेषणे: ‘नॅचरल’, ‘व्हेजिटेबल’, ‘ऑर्गॅनिक’, ‘अ‍ॅझो-फ्री’. ही चारही आपल्याकडे ‘नैसर्गिक रंग’ अशी एकाच टोपलीत पडतात. पण बगरूचा काळा लोखंडातून येतो आणि तांबडा तुरटीवर बसतो. लोखंड नैसर्गिक आहे, भाजी नव्हे. तेव्हा ‘व्हेजिटेबल डाय’ हे बगरूच्या कापडाचे वर्णन अर्धेच खरे. ‘ऑर्गॅनिक’ची तर गंमतच आहे. शेतीत त्याचा अर्थ रासायनिक खत-औषधांविना पिकवलेले. रसायनशास्त्रात त्याचा अर्थ कार्बनची संयुगे. 1856 साली विल्यम पर्किनने डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून जो जांभळा रंग काढला आणि ज्याच्यामागून कृत्रिम रंगांचा अख्खा कारखाना उभा राहिला, तो रसायनशास्त्राच्या हिशेबाने शंभर टक्के ऑर्गॅनिक आहे. ‘अ‍ॅझो-फ्री’चा नैसर्गिकतेशी संबंधच नाही. 1990च्या दशकात जर्मनीने आणि मग भारतानेही घातक द्रव्ये सोडणाऱ्या काही अ‍ॅझो रंगांवर बंदी घातली. ह्या चिठ्ठीचा अर्थ ते रंग ह्यात नाहीत एवढाच. बाकी सगळे कृत्रिम रंग तिच्या पोटात सुखाने राहू शकतात.

इथे मला माझ्या बाजूच्या माणसांनाही सोडता येत नाही. बगरूच्या तांबड्यामागे पूर्वी मंजिष्ठ आणि आल ह्यांची मुळे होती. अशा मुळांतल्या रंगद्रव्यांपैकी एक, अलिझरीन, 1868 साली जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झाले. 1897पासून नीळही कारखान्यातून येऊ लागली. आजच्या उकळत्या तांब्याच्या भांड्यात पडणारे अलिझरीन बहुधा कारखान्याचे असते. अशा कापडाला मुळ्यांच्या रंगाचे कापड म्हणणे हीसुद्धा फसवणूकच. त्याला ‘पारंपरिक पद्धतीने रंगवलेले’ म्हणावे, ते खरे आहे आणि पुरेसे अभिमानास्पद आहे. जो नेमकेपणा मी दुकानदाराकडे मागते, तो कारागिराच्या बाजूने लिहिणाऱ्यांनीही पाळला पाहिजे. नाहीतर आपण फक्त आपल्या आवडत्या माणसासाठी खोटे बोलतो, इतकेच.

ही माझी एकटीची हट्टवादी मागणी नाही. ऑक्टोबर 2024मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत ‘नॅचरल’, ‘ऑर्गॅनिक’, ‘सस्टेनेबल’ असले मोघम शब्द पुरेशा स्पष्टीकरणाशिवाय वापरू नयेत, असे सांगितले आहे. म्हणजे विशेषण लावलेस तर ते कशाचे, किती आणि कशावरून ते सांग. शाळेतल्या व्याकरणाच्या तासाला ह्याहून वेगळे काय शिकवतात?

बगरूच्या नावालाही कायद्याचे संरक्षण आहे. 1999च्या कायद्याखाली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. नोंदणीतले नाव पाहा: ‘बगरू हँड ब्लॉक प्रिंट’. शेजारच्या गावाची नोंद आहे ‘सांगानेरी हँड ब्लॉक प्रिंटिंग’. एकाने ‘प्रिंट’ नोंदवले, दुसऱ्याने ‘प्रिंटिंग’. एकाच्या नावात वस्तू आली, दुसऱ्याच्या नावात कृती आली. नोंदणीच्या वेळी कोणी ह्या प्रत्ययावर घटकाभर विचार केला असेल असे मला वाटत नाही, आणि न्यायालयात त्यावर काही अडेल असेही नाही. पण दोन्ही नावांत ‘हँड’ आहे आणि ‘ब्लॉक’ही आहे, हे महत्त्वाचे. ज्यांनी अर्ज केला त्यांना कळत होते, की हे दोन शब्द म्हणजे घराच्या दोन भिंती आहेत. बाजाराने दोन्ही भिंती काढल्या आणि छप्पर, म्हणजे गावाचे नाव, तेवढे ठेवले.

असे काही पहिल्यांदाच घडते आहे का? नाही. आपल्या आज्या छापील सुती कापडाला ‘चीट’ म्हणत. हिंदीतली ‘छींट’ तीच. सतराव्या शतकात हे हिंदुस्थानी कापड इंग्लंडात गेले, तिथे त्याचे ‘चिंट्झ’ झाले, आणि लोकांनी ते इतके डोक्यावर घेतले की तिथल्या लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांच्या दडपणाखाली पार्लमेंटला 1700 आणि 1721 साली त्याच्याविरुद्ध कायदे करावे लागले. पुढे तिथले कारखाने स्वतःच छापू लागले. 1783 साली टॉमस बेलने तांब्याच्या कोरीव रुळाने छापण्याचे पेटंट घेतले. नाव ‘चिंट्झ’च राहिले. हात मात्र गेला. स्वस्त गिरणी-छापाचे चिंट्झ घरोघर पोचले आणि त्या शब्दाला एक नवे पिल्लू झाले: ‘चिंट्झी’. त्याचा अर्थ भडक, हलके, कद्रू. ज्या कापडासाठी एका देशाने कायदे केले, त्याच कापडाचे नाव दोन शतकांत शिवी झाले. ह्यात कापडाचा दोष नव्हता. नक्कल आणि अस्सल ह्यांना एकच शब्द पुरवला गेला, आणि पत नेहमी नकलेच्या पातळीला येऊन थांबते.

‘मॅन्युफॅक्चर’ हा शब्दही असाच. लॅटिनमध्ये त्याचे दोन तुकडे: हात आणि करणे. शब्दशः तो ‘हस्तनिर्मित’च आहे! आज तो कारखान्याचा शब्द आहे आणि हाताने केलेल्या वस्तूसाठी इंग्रजीला ‘हँडमेड’ असा दुसरा शब्द धरावा लागला. आता तोही सैल होतो आहे. आणखी पन्नास वर्षांनी तिसरा शोधावा लागेल.

‘इन्स्पायर्ड’चे उदाहरण तर आपल्या घरचेच आहे. जून 2025मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा ह्या कंपनीने कोल्हापुरी चपलांसारख्या चपला मंचावर आणल्या आणि त्यांना साध्या ‘लेदर सँडल्स’ म्हटले. महाराष्ट्रात आरडाओरडा झाल्यावर, त्या पारंपरिक भारतीय पादत्राणांवरून ‘इन्स्पायर्ड’ आहेत, हे कंपनीने मान्य केले. कोल्हापुरीला 2019मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले होते, महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी. तेव्हा आपण सगळे शब्दांचे पारखी झालो होतो. ‘इन्स्पायर्ड’ आणि ‘कॉपीड’ ह्यांत फरक काय, ह्यावर चहाच्या टपरीवर वाद झाले. प्रेरणा घेणारा मूळ कोणाचे ते आधी सांगतो आणि उचलणारा पकडल्यावर सांगतो, एवढी साधी कसोटी आपल्याला तेव्हा कळली. चप्पल आपली होती म्हणून कळली. बगरूचा कुर्ता अंगात घालताना ती कसोटी कुठे जाते?

ह्यावर काही आक्षेप येतील. ते प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांना उत्तर द्यायला हवे.

पहिला: शब्दांचे अर्थ बदलतातच, ‘ब्लॉक प्रिंट’ला आता नक्षी म्हणत असतील तर म्हणोत. बदलोत ना. पण अर्थ लोकांच्या बोलण्यात आपोआप बदलणे वेगळे आणि ज्याला फायदा आहे त्याने चिठ्ठीवरून तो सरकवणे वेगळे. पहिल्यात कोणाच्या पोटावर पाय येत नाही.

दुसरा: बगरूत, सांगानेरात खुद्द तिथले लोकच स्क्रीनवर छापतात, मग तुमचे काय जाते? छापतात. सांगानेरात तर स्क्रीनने ठशाला केव्हाच मागे टाकले. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पोट सगळ्यांना आहे, आणि स्क्रीनचे कापड स्वस्त मिळते म्हणून कित्येकांच्या अंगावर चांगली नक्षी येते. मीही ते घालते. माझी मागणी एवढीच, की त्याला ‘स्क्रीन प्रिंट’ म्हणा. हा शब्द उपलब्ध आहे, सोपा आहे, खरा आहे. तो चिठ्ठीवर क्वचितच का दिसतो, ह्या प्रश्नाचे उत्तर ज्याने-त्याने द्यावे.

तिसरा आक्षेप सगळ्यात बोचरा: हाताचे कौतुक ही खात्यापित्या लोकांची हौस आहे. असेल. पण ह्या सैल शब्दांचा फटका खात्यापित्यांना बसत नाही. त्यांनी चुकून स्क्रीनचा कुर्ता घेतला तर त्यांचे काहीशे रुपये जातात. दोन्ही कापडांना एकच नाव मिळाले की तुलना करायला किंमत तेवढी उरते. मग ‘तेच तर आहे, दुप्पट कशाला द्यायचे?’ हा प्रश्न व्यापाऱ्यापर्यंत जातो, व्यापारी तो बगरूत घेऊन जातो, आणि छापणाऱ्याला आपला दर खाली आणावा लागतो किंवा ठसे माळ्यावर टाकून स्क्रीनची चौकट घ्यावी लागते. शब्दाची छटा अशी मजुरीत उतरते.

आता आपल्या, म्हणजे मराठीत लिहिणाऱ्यांच्या, घरात येऊ. स्वाभिमान-पंथाने ह्या सगळ्यावर दिलेला उपाय म्हणजे ‘हस्तनिर्मित’. सरकारी पत्रकांत, प्रदर्शनांच्या जाहिरातींत, आपल्या लेखांत हाच शब्द. ‘हँडमेड’, ‘हँडक्राफ्टेड’, ‘हँडवोव्हन’, ‘हँडप्रिंटेड’ असे चार वेगवेगळ्या कामांचे शब्द ह्या एकाच भारदस्त शब्दाखाली गाडले गेले. इंग्रजी दुकानदाराने निदान लबाडी तरी केली. आपण तीच गोष्ट भाषाप्रेमापोटी, फुकट करतो.

आणि गंमत अशी, की मराठीकडे ह्या कामासाठी इंग्रजीहून धारदार हत्यार आहे. ‘रंगीत’ आणि ‘रंगवलेले’. ‘कोरीव’ आणि ‘कोरलेले’. ‘घडीव’ आणि ‘घडवलेले’. ‘छापील’ आणि ‘छापलेले’. ह्या जोड्यांतला पहिला शब्द वस्तू कशी आहे ते सांगतो; दुसऱ्यात ती कोणीतरी तशी केली हे येते. फुलपाखरू रंगीत असते. रंगवलेले म्हटले की कोणी रंगवले हे विचारावे लागते. ‘छापील लुगडे’ म्हणून तुम्ही थांबू शकता. ‘छापलेले लुगडे’ म्हटले की वाक्य पुढे सरकू पाहते: कोणी? कशाने? कुठे? इंग्रजीतल्या ‘प्रिंट’ आणि ‘प्रिंटेड’ ह्यांमधली दरी आपल्या आजीलाही पाठ होती, फक्त तिच्यावर कोणी गाइड काढले नाही.

एक जोडी मात्र आपण फारच हलगर्जीपणे हाताळली आहे. नामदेव महाराज आपल्यासाठी शिंपी. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची 61 पदे आहेत, आणि तिथे त्यांची ओळख छीपा अशी येते. राजस्थानातले छीपा समाजाचे लोक आजही स्वतःला ‘नामदेव छीपा’ म्हणवतात. शिंपी शिवतो, छीपा छापतो. कापडाशी नाते दोघांचे, काम वेगळे. 2015 साली मराठी साहित्य संमेलन पंजाबात घुमानला भरले, तेही नामदेवांच्याच नावाने. भाषणे झाली, दोन प्रांतांच्या नात्याचे गोडवे गायले गेले. पण शिंपी तिकडे जाऊन छीपा कसा झाला, की तिथल्या लोकांनी त्याला आपल्या कामात ओढून घेतले, हा प्रश्न आपल्या सर्वसाधारण वाचकापर्यंत आला नाही. आपण ‘छीपा म्हणजे शिंपीच’ अशी एका ओळीची तळटीप लिहून पुढे गेलो. जवळच्या दोन शब्दांना एक मानण्याची आपली ही सवय जुनी आहे, आणि तिच्यामुळे एक अख्खा छापणारा समाज, जो आपल्या संताला आपला म्हणतो, आपल्याला दिसलाच नाही.

म्हणून ह्या पानांवर लिहिणाऱ्यांकडे, अनुवाद करणाऱ्यांकडे आणि संपादकांकडे माझे मागणे लहानसेच आहे. ‘हँड ब्लॉक प्रिंटेड’ला ‘हस्तनिर्मित’ लिहू नका. ‘हातठशाने छापलेले’ लिहा. दोन शब्द होतात, जागा पुरते. ‘डाय’साठी ‘भिनणारा रंग’ आणि ‘पिगमेंट’साठी ‘वर बसणारा रंग’ लिहिले तर कोणाचेही अडणार नाही, आणि त्याहून चांगले शब्द एखाद्या रंगाऱ्याकडून मिळाले तर ते घ्या. खादी, हातमाग आणि हातठसा ह्यांना तीन वेगळे शब्द म्हणून वागवा. आणि इंग्रजी शब्दच वापरायचा असेल तर तो पुरता वापरा, सोयीचा तुकडा तोडून नव्हे.

त्या प्रदर्शनात शेवटी मी चौथा कुर्ता उलटा करून त्या मुलीला दाखवला. मागे उतरलेली नक्षी, दोन ठशांच्या सांध्यावर काळी रेघ जराशी जाड झालेली. मग पहिला कुर्ता उलटा केला. मागची बाजू जवळजवळ कोरी. ती थोडा वेळ दोन्हींकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही हो. चिठ्ठीवर लिहायला पाहिजे.”

चिठ्ठीवर लिहायला पाहिजे. माझे म्हणणे ह्याहून जास्त काही नाही.